चिनी सुलेखन: पहिल्या रेघेपासून पहिल्या कित्त्यापर्यंत

बोरूने देवनागरी गिरवलेल्या हाताला चिनी कुंचला सुरुवातीला हमखास चकवतो. बोरूचं टोक कडक आणि तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे रेघ जाड येणार की बारीक हे लेखणी कोणत्या कोनात धरली आहे त्यावर ठरतं. चिनी कुंचला मऊ केसांचा आणि शंकूसारखा निमुळता. त्याची जाडी दाबातून येते. हात तीन-चार मिलिमीटर खाली गेला की रेघ दुप्पट फुगते. शिवाय कागद टीपकागदासारखा शाई पिणारा असतो. हात जिथे रेंगाळला तिथे शाई पसरते आणि ती परत घेता येत नाही.

मऊ टोक आणि शाई पिणारा कागद, या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की या कलेतले बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत. कसं बसायचं, कुंचला उभाच का धरायचा, रेघेच्या आरंभी उलट्या दिशेला का जायचं, चुकलेली रेघ दुरुस्त का करायची नाही, या सगळ्यांची उत्तरं तिथेच मिळतात.

सामान

कुंचला, शाई, कागद आणि शाई उगाळायचा दगड यांना चीनमध्ये अभ्यासिकेतली चार रत्नं म्हणतात. शिकणाऱ्याने यांतल्या पहिल्या तिन्हींवर नेमका खर्च करावा. दगड नंतर घेतला तरी चालतो.

कुंचले मुख्यतः तीन प्रकारचे. बकरीच्या केसांचा कुंचला फार मऊ असतो, भरपूर शाई धरतो, पण दाबल्यावर लवकर सरळ होत नाही. दुसऱ्याला चिनी भाषेत ‘लांडग्याचे केस’ म्हणतात, प्रत्यक्षात ते वीझल या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे केस असतात. तो ताठ आणि लवचीक असतो, मात्र शाई कमी धरतो. तिसऱ्यात आत ताठ केसांचा गाभा आणि बाहेर बकरीचे मऊ केस असतात. पहिला कुंचला या मिश्र प्रकारातलाच घ्या. आठ ते दहा सेंटिमीटरचं अक्षर काढायला केसांची लांबी चार ते पाच सेंटिमीटर आणि बुडाशी जाडी साधारण एक सेंटिमीटर हवी. छोट्या कुंचल्याने मोठं अक्षर काढायला गेलं की केस बुडापर्यंत दाबले जातात आणि कुंचला महिनाभरात निकामी होतो.

चांगल्या कुंचल्याच्या चार खुणा पूर्वापार सांगितल्या जातात. ओला केल्यावर टोक अणकुचीदार व्हावं. चिमटीत चपटा केल्यावर केसांची टोकं एका रेषेत यावीत. पोट सगळीकडून गोल भरलेलं असावं. दाबून उचलल्यावर केस पुन्हा सरळ व्हावेत. जलरंगाच्या गोल ब्रशवर काम भागवू नका. त्याचे केस आखूड असतात आणि त्याच्या पोटात एका अक्षराला पुरेल इतकी शाईही मावत नाही.

शाई बाटलीतली घ्या. बीजिंगच्या ‘ईतगं’ या 1865 साली सुरू झालेल्या पेढीची शाई जगभर विद्यार्थी वापरतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा: चित्रकलेच्या दुकानात मिळणारी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. तिच्यात बहुतेकदा लाख असते. ती केसांच्या बुडाशी एकदा वाळली की पाण्याने निघत नाही आणि कुंचला कायमचा फुलून बसतो. चिनी शाई काजळी आणि सरस यांची असते, म्हणून ताजी असेपर्यंत नुसत्या पाण्याने धुतली जाते.

पुढे कधी शाईची कांडी आणि दगड घेतलात तर उगाळायची रीत आपल्याला नवी नाही. सहाणेवर चंदन उगाळतो तशीच कांडी पाण्याच्या काही थेंबांत फिरवायची. फरक दाबाचा आहे. चंदनाला जोर लागतो, इथे कांडी उभी धरून तिच्या वजनावरच सावकाश गोल फिरवायची. जोर लावला की काजळीचे कण भरड सुटतात आणि रेघ खरखरीत येते. दहा-पंधरा मिनिटांनी शाई तेलासारखी दाट झाली आणि कांडीमागे क्षणभर दगडाचा तळ उघडा राहू लागला की थांबा. उगाळून झाल्यावर कांडी पुसून बाजूला ठेवा. दगडावरच ठेवली तर सरसामुळे चिकटते आणि ओढून काढताना दगडाचा कपचा निघतो.

कागदात सगळ्यात नावाजलेला श्वान कागद. तो चीनच्या आन्हुई प्रांतातल्या चिंग तालुक्यात छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. तो बनवायची परंपरा आणि चिनी सुलेखन या दोन्हींची 2009 साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. या कागदाचे दोन प्रकार आहेत. ‘कच्चा’ शाई झपाट्याने पितो. ‘पक्क्या’ला तुरटी आणि सरसाचा हात दिलेला असतो, त्यावर शाई पसरत नाही. शिकताना दोन्ही नकोत. बांबूचा पिवळसर माओप्यन कागद घ्या, तो स्वस्त असतो आणि शाई बेताने पितो. त्याची एक बाजू गुळगुळीत, एक खरबरीत असते. लिहायचं गुळगुळीत बाजूवर. तो मिळेपर्यंत नुसत्या रेघांच्या सरावाला जुनं वर्तमानपत्र चालतं, चीनमध्येही विद्यार्थी ते वापरतात. कापसाच्या चिंध्यांचा आपल्याकडचा जाड हातकागद मात्र या कामाचा नाही. त्यावर शाई वरच्यावर राहते आणि हात कधी रेंगाळला ते कळतच नाही.

पाण्याने लिहायचं कापड हल्ली सर्रास विकलं जातं. रेघांचा क्रम हातात बसवायला ते ठीक आहे. त्यावरचं अक्षर काही मिनिटांत उडून जातं, त्यामुळे मागे वळून चूक बघता येत नाही आणि शाईचं प्रमाणही शिकता येत नाही. रोजचा सराव फक्त त्यावर करू नये असं आमचं ठाम मत आहे.

कागदाखाली दोन-तीन मिलिमीटर जाडीचा लोकरीचा नमदा हवा. तो आरपार आलेली शाई शोषतो आणि कागद टेबलाला चिकटू देत नाही. घोंगडी वापरू नका, तिची वीण रेघेत उमटते. याशिवाय दोन वजनं, पांढरी बशी आणि पाण्याची वाटी, एवढं पुरे.

नवा कुंचला

नवा कुंचला सरसाने ताठ केलेला असतो. तो गार किंवा जेमतेम कोमट पाण्यात अर्धा तास नुसता बुडवून ठेवा आणि मग बोटांनी हलकेच मोकळा करा. कढत पाण्यात टाकला की केस दांड्यात धरून ठेवणारा सरसही सुटतो आणि पहिल्याच आठवड्यात केस गळू लागतात. बकरीचा आणि मिश्र कुंचला बुडापर्यंत मोकळा करायचा. अर्धवट उघडलेल्या कुंचल्याच्या पोटात शाई साठत नाही आणि दाब दिला की केस एका जागी मोडल्यासारखे वाकतात.

रोज लिहिण्याआधी कुंचला पाण्यात बुडवून टीपकागदावर टिपून घ्या. कोरड्या केसांत शाई थेट बुडापर्यंत चढते आणि तिथेच वाळते.

बैठक आणि पकड

पावलं जमिनीवर सपाट, पाठ सरळ, छाती आणि टेबल यांच्यात एका मुठीचं अंतर. डावा हात कागदावर. अक्षर मोठं काढायचं असल्याने उजवं मनगट टेबलाला टेकवू नका. कोपर टेबलावर हलकं टेकलं तरी सुरुवातीला चालेल. मनगट टेकलं की हात फक्त बोटांच्या आवाक्यात फिरतो, रेघेच्या मध्यावर कुंचला आडवा पडतो आणि टोक बाजूला सरकतं.

पकडीत पाचही बोटांना काम असतं. अंगठा आतून बाहेर दाबतो आणि तर्जनी समोरून त्याला अडवते. मधलं बोट दांड्याला बाहेरून आकडा घालून आत ओढतं. अनामिका नखाच्या बाजूने त्याच दांड्याला बाहेर रेटते आणि करंगळी अनामिकेला नुसता टेका देते. तळवा पोकळ राहिला पाहिजे, आत अंडं मावेल इतका. कुंचला कागदाला काटकोनात उभा. पेनसारखा तिरका धरायची सवय पहिले दोन आठवडे पुन्हा पुन्हा डोकं वर काढेल, तेव्हा प्रत्येक रेघेआधी दांडा बघा.

पकड घट्ट असू नये. बोटं पांढरी पडली असतील तर रेघ थरथरणारच.

शाई भरणं

बशीत दोन चमचे शाई घ्या. दाट वाटली तर दहा-बारा थेंब पाणी घाला. केस अर्ध्यापर्यंत बुडवा आणि बशीच्या काठावर कुंचला फिरवत सगळ्या बाजूंनी निथळवा. हे काम घाईने उरकू नका. याच वेळी टोक पुन्हा अणकुचीदार होतं आणि केस सरळ होतात. दर दोन-तीन रेघांनंतर, गरज वाटली तर प्रत्येक रेघेनंतर, टोक असं नीट करून घ्या. बशीत उरलेली शाई बाटलीत परत ओतू नका, बाटलीतली शाई नासते.

पहिली रेघ: आडवी

पहिला आठवडा फक्त आडव्या रेघेला द्या. कंटाळवाणं वाटेल, पण पुढच्या प्रत्येक रेघेतल्या हालचाली इथेच आहेत. सहा-सात सेंटिमीटरची रेघ अशी काढा:

1. टोक कागदावर टेकवा आणि आधी डावीकडे, म्हणजे जायच्या उलट दिशेला, तीन-चार मिलिमीटर सरका. टोकाचा अणकुचीदार ठसा या हालचालीत रेघेच्या पोटात लपतो.
2. तिथून उजवीकडे-खाली तिरका दाब द्या. केसांच्या लांबीचा खालचा तिसरा हिस्साच कागदावर येऊ द्या, त्याहून जास्त कधीच नाही.
3. आता कुंचला किंचित उचला, इतकाच की केस सरळ होऊन टोक रेघेच्या मधोमध येईल. नवशिक्याकडून हमखास सुटणारी पायरी हीच.
4. उजवीकडे संथ, एकसारखी ओढ. मध्यावर दाब जरा हलका. रेघ उजवीकडे पाच ते सात अंश चढती हवी. अगदी पातळीत काढलेली रेघ डोळ्यांना खाली घसरल्यासारखी दिसते.
5. शेवटी थोडं वर उचलून उजवीकडे-खाली दाबा आणि आलेल्या वाटेने डावीकडे परत फिरत कुंचला उचला.

टोक रेघेच्या मध्यातून चालवणं, चिनी भाषेत चोंगफंग, हा या सगळ्याचा कणा आहे. टोक मध्यात असेल तर शाई दोन्ही कडांकडे सारखी उतरते आणि रेघ भरीव, गोलाई असल्यासारखी दिसते. टोक एका कडेला गेलं तर ती कड धारदार येते आणि समोरची करवतीसारखी दातेरी. वाळलेल्या रेघेच्या दोन्ही कडा बघा, टोक कुठे होतं ते लगेच कळेल.

दुसऱ्या आठवड्यात उभी रेघ घ्या. तिचे शेवट दोन प्रकारचे. एक दवाच्या थेंबासारखा गोल, त्यात परत फिरायचं. दुसरा लोंबत्या सुईसारखा, त्यात हळूहळू उचलत टोकापर्यंत जायचं. उचलताना वेग वाढवू नका. झटका दिला की शेवट उंदराच्या शेपटीसारखा पोकळ येतो. डावीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघेचंही तेच.

उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ मात्र वेळ मागते. ती बारीक सुरू होते, वाढत्या दाबाने खाली येते, पायाशी क्षणभर थांबते आणि मग दिशा बदलून जवळजवळ आडवी होत उचलली जाते. पायाशी थांबण्याआधीच उचललं तर तिला पाऊल येत नाही. फार थांबलं तर तिथे शाईचं डबकं होतं.

‘योंग’ म्हणजे ‘चिरंतन’ या अक्षरात ठिपका, आडवी, उभी, आकडा, चढती आणि तिरक्या अशा आठ हालचाली एकत्र येतात, म्हणून ते शतकानुशतकं सरावाला दिलं जातं. त्याच्या रेघा मोजल्या तर पाचच आहेत. आठ ही कुंचल्याच्या हालचालींची गणती. महिन्याभराने त्याला हात घाला. त्याआधी ‘सान’ म्हणजे ‘तीन’ हे अक्षर घ्या. त्यात तीन आडव्या रेघा, मधली सगळ्यात आखूड आणि खालची सगळ्यात लांब, पण दोन्ही फटी सारख्या. दिसायला सोपं हे अक्षर चार रेघोट्यांच्या तक्त्यापेक्षा जास्त शिकवतं.

रेघांचा क्रम

वरून खाली, डावीकडून उजवीकडे. आडवी-उभी छेदत असतील तर आधी आडवी. मध्यरेघेच्या दोन्ही बाजूंना काही असेल तर आधी मधली. चौकट असेल तर तीन बाजू, मग आतला मजकूर, मग खालची बाजू. दार उघडं ठेवून सामान आत न्यायचं आणि मग दार लावायचं. क्रम चुकवून आकार जमतो, पण कुंचला एका रेघेच्या शेवटून पुढच्या आरंभाकडे हवेत जो जातो तो ओघ तुटतो आणि अक्षर सुट्या काड्यांचं दिसतं. चिनी भाषा येणं आवश्यक नाही. गिरवत असलेल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ आणि क्रम मात्र शब्दकोशात बघूनच पुढे जा.

कोणाचा कित्ता

लिपीच्या पाच मुख्य शैली आहेत: शिक्क्यांवरची प्राचीन, कारकुनी, काइशू ही उभी नियमित, शिंगशू ही चालती आणि त्साओशू ही पळती. सुरुवात काइशूने करा, कारण तिच्यात प्रत्येक रेघेचा आरंभ, ओढ आणि शेवट सुटा दिसतो. पळत्या शैलीचा मोह आवरा. थांग काळातल्या यान चन्छिंग (709-785) यांचा पुतण्याच्या शोकात लिहिलेला 758 सालचा कच्चा मसुदा तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे, खाडाखोडीसकट. त्यातला मोकळेपणा काइशूत घोटलेल्या हाताचा आहे.

काइशूच्या कित्त्यांत चार नावं घेतली जातात. ओउयांग श्युन (557-641) यांचं अक्षर उंच, काटेकोर. त्यात अर्ध्या मिलिमीटरची चूकही लपत नाही. ल्यू गोंगच्युआन (778-865) यांचं हाडकं आणि ताठ. चाओ मंगफू (1254-1322) यांचं मऊ, चालत्या शैलीकडे झुकणारं. यान चन्छिंग यांचं भरदार, उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक. नवशिक्याला आम्ही यानच सुचवतो, कारण जाड उभ्या रेघेत टोक मध्यात ठेवायचा सराव आपोआप होतो. त्यांचा 752 सालचा तुओपाओ पॅगोड्याचा शिलालेख किंवा यान छिनलीचा शिलालेख, यांतला एकच निवडा. दुसरा शिलालेख दीर्घकाळ जमिनीखाली होता आणि 1922 साली शीआनमध्ये सापडला, म्हणून त्याची अक्षरं फारशी झिजलेली नाहीत. दोन्ही शिळा शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहेत आणि त्यांच्या ठशांचे मोठे केलेले कित्ते छापील मिळतात.

मराठी वाचकाला आणखी एक शिलालेख जवळचा वाटेल. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग मायदेशी परतल्यावर त्याने केलेल्या ग्रंथांच्या भाषांतरांना सम्राट थायत्सोंगने प्रस्तावना लिहिली. ती छू स्वेइल्यांग यांच्या अक्षरात 653 साली शिळेवर कोरली गेली आणि शीआनच्या मोठ्या रानहंस पॅगोड्यात आजही आहे. बारीक, लवचीक, विलक्षण देखणं काइशू. पण त्याची हलकी उचल साधायला हात तयार लागतो, म्हणून हा कित्ता दुसऱ्या वर्षाचा.

कित्ता गिरवताना एक धोका ओळखा. छापील कित्ता हा दगडावर ओला कागद बसवून घेतलेला ठसा असतो, म्हणून काळ्यावर पांढरी अक्षरं. त्यातल्या खडबडीत कडा आणि तुटलेले कोपरे काळाने आणि छिन्नीने केलेले आहेत. ते उतरवण्यासाठी हात थरथरवू नका. दगडापलीकडचा कुंचला कसा चालला असेल याचा विचार करा.

दिवसाचा सराव

एका बैठकीला पाऊण तास आणि दोनच अक्षरं. पहिली पाच मिनिटं कुंचला न उचलता अक्षर बघा: सगळ्यात लांब रेघ कोणती, कुठली फट सगळ्यात मोठी, अक्षराचा तोल कोणत्या बाजूला आहे. दहा मिनिटं त्या अक्षरांतल्या रेघा सुट्या काढा. मग पातळ कागद कित्त्यावर ठेवून तीन-चार वेळा आरपार बघत गिरवा. त्यानंतर कित्ता शेजारी ठेवून, चौकोनात उभी-आडवी आणि दोन तिरक्या मध्यरेघा आखलेल्या कागदावर प्रत्येक अक्षर दहा वेळा. शेवटी कित्ता मिटून एकदा आठवणीतून.

महत्त्वाचं आहे ते त्या दहांमधलं थांबणं. प्रत्येक अक्षरानंतर कित्त्याशी ताडून एक चूक शोधा आणि पुढच्या वेळी तेवढीच सुधारा. न बघता शंभर वेळा लिहिलं तर चूकच घोटून पक्की होते. कागदांवर तारीख टाकून ठेवा.

काढलेली रेघ डागडुजी करून जाड करू नका. शाई पिणाऱ्या कागदावर वाळल्यानंतर दुसरा थर वेगळा दिसतो, आणि त्याहून वाईट म्हणजे चूक का झाली तो पुरावा पुसला जातो.

काय बिघडतं

रेघा फुगून एकमेकींना चिकटतात: कुंचला निथळला नाही, शाई पातळ आहे किंवा हात फार संथ आहे. हाड नसलेल्या अशा मांसल अक्षराला चिनी परंपरेत ‘शाईचं डुक्कर’ म्हणतात. रेघ मध्येच कोरडी पडते: शाई संपली किंवा वेग वाढला. रेघेची दोन्ही टोकं डंबेलसारखी गाठाळ: आरंभ-शेवटाचे दाब गरजेपेक्षा जास्त. टोक दुभंगतं: शाई वाळत आलीय, किंवा बुडाशी जुनी शाई अडकलीय. सगळी अक्षरं उजवीकडे घसरतात: कागद किंवा खांदा तिरका आहे. आधी बैठक तपासा.

सही आणि शिक्का

मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे. डाव्या टोकाला लहान अक्षरात वर्ष आणि नाव, त्याखाली लाल शिक्का. शिक्का सहीच्या अक्षरापेक्षा मोठा नसावा. त्याचा लाल लगदा हिंगूळ आणि एरंडेल यांचा असतो. शाई पूर्ण वाळल्यावरच उठवा. कामाला मागून कागद चिकटवून घ्यायचा असेल तर बशीतली शिळी शाई वापरू नका. तिच्यातला सरस मेलेला असतो आणि खळीचं पाणी लागताच ती पसरते.

कुंचला धुणं

लिहून झाल्यावर लगेच, गार पाण्यात, साबणाशिवाय. बुडाशी दोन बोटांनी हलकं दाबत राहा, तिथून काळं पाणी येणं थांबेपर्यंत. टोक स्वच्छ दिसलं म्हणून थांबू नका. बोटांनी टोक जुळवून कुंचला टोक खाली करून टांगा. उलटा उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरतं, लाकूड फुगतं आणि केसांचा गुच्छ निखळतो. ओला कुंचला टोपणात बंद करू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो दोन दिवसांत बुरशी धरतो, तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळवा. बरेच दिवस वापरणार नसाल तर कोरडा करून कागदात गुंडाळा आणि डब्यात कापराची वडी टाका, नाहीतर कसर केस खाते.